तोळा, मासा, गुंज आणि ग्रॅम
जुन्या यादीतील सोन्याचा आजच्या वजनात हिशोब

पुणे–सोलापूर महामार्गावरील पळसदेव हे इंदापूर तालुक्यातील गाव. भीमेच्या काठचे मूळ पळसदेव उजनी धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि गाव वरच्या अंगाला नव्याने वसले. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ज्या वर्षी उन्हाळ्यात जलाशयाची पातळी फार खाली जाते, त्या वर्षी पळसनाथाचे जुने देऊळ पुन्हा उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते. गाव हलले तेव्हा घरांचे दगड मागे राहिले. पेटीतील कागद आणि अंगावरील दागिने मात्र माणसांबरोबर आले.

अशा कागदांत लग्नातील दागिन्यांची याद असते, सोनाराची चिठ्ठी असते, वाटणीपत्र असते. त्यांवर सोन्याचे वजन तोळा, मासा आणि गुंज या परिमाणांत लिहिलेले आढळते. आजच्या सराफी दुकानातील पावती ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये असते. या दोहोंची सांगड घालण्याची वेळ वारसांची वाटणी, सोनेतारण कर्ज किंवा स्त्रीधनाची परतफेड अशा प्रसंगी येते. त्या वेळी गावातील लोक शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांच्याकडे विचारणा करतात. हिशोब वरवर सोपा असला तरी त्यात एक अडचण दडलेली आहे. तोळा हा शब्द तोच राहिला. त्याखालचे वजन मात्र बदलले. ही बाब ध्यानी न घेतल्यास कोणाचीही लबाडी नसताना एखाद्या घरचे तोळा-दीड तोळा सोने कागदावरच नाहीसे होऊ शकते.

गुंजेपासून तोळ्यापर्यंत

गुंज ही एका वेलीची बी. तांबडा रंग आणि एका टोकाला काळा ठिपका यांमुळे ती चटकन ओळखू येते. बियांचा आकार आणि वजन बऱ्याच अंशी सारखे असल्याने सोने तोलण्यासाठी तिचा उपयोग फार प्राचीन काळापासून होत आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाच गुंजांचा एक सुवर्णमाष आणि सोळा माषांचा एक सुवर्ण असे कोष्टक आहे. पुढे व्यवहारात रूढ झालेले कोष्टक निराळे आहे. आपल्या जुन्या यादींत तेच वापरलेले असते.

८ गुंजा = १ मासा
१२ मासे = १ तोळा
म्हणून ९६ गुंजा = १ तोळा

ही परिमाणे आपल्या बोलण्यात किती मुरली आहेत, हे वेगळे सांगावयास नको. नाजूक तब्येतीच्या माणसाची प्रकृती आपण तोळामासा म्हणतो, आणि घरात गुंजभरही सोने नाही असे म्हटले की दारिद्र्याचे चित्र पुरे होते. चांदीच्या बाबतीत तोळ्याऐवजी भार हा शब्दही वापरला जातो.

बी कितीही सारखी असली तरी ती निसर्गाची निर्मिती होय. प्रत्येक सोनाराच्या डबीतील गुंजा तंतोतंत एका वजनाच्या असणे शक्य नव्हते. म्हणून वजनाला अधिक पक्का आधार आवश्यक होता. तो आधार नाण्याने पुरविला.

रुपया हेच वजन

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या विनियमानुसार तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरविण्यात आले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकसारखा चांदीचा रुपया आला. त्याचेही वजन १८० ग्रेनच होते. म्हणजे रुपया हे नाणे होते आणि तोळ्याचे वजनही होते. अर्धा रुपया सहा मासे, पावली तीन मासे आणि चांदीची दुआणी दीड मासा भरत असे. राणी छाप रुपया ताजव्याच्या एका पारड्यात टाकला की तोळ्याचे माप सिद्ध होई. १९३९ च्या वजनविषयक केंद्रीय कायद्यातही तोळा १८० ग्रेनचाच धरण्यात आला होता.

एक ग्रेन म्हणजे ६४.७९८९१ मिलिग्रॅम. त्यास १८० ने गुणले असता ११.६६३८ ग्रॅम येतात. जुन्या तोळ्याचे खरे वजन ते हेच. मासा त्याचा बारावा भाग, म्हणजे ०.९७२ ग्रॅम, आणि गुंज माशाचा आठवा भाग, म्हणजे ०.१२१५ ग्रॅम.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. घरात जपून ठेवलेला चांदीचा रुपया आज तोळ्याचे वजन म्हणून वापरू नये. हाताळून झिजलेले नाणे मूळ वजनापेक्षा हलके भरते. तसेच गुंजेची बी विषारी असते. ती मुलांच्या हाती किंवा तोंडी जाऊ देऊ नये.

दशमान पद्धतीचा स्वीकार

स्वातंत्र्यानंतर नाणी, वजने व मापे यांत देशभर एकसूत्रता आणण्याचे काम हाती घेण्यात आले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वजन व मापांच्या मानकांचा कायदा १९५६ च्या अखेरीस मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात येऊ लागली. १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात जुन्या वजनांना स्थान उरले नाही. जुन्या वजनांचे रूपांतर कसे करावे, याचे प्रमाणही १९५६ च्या कायद्याबरोबर देण्यात आले होते. त्यात तोळा ११.६६३८ ग्रॅमचाच आहे.

१९५६ च्या कायद्याची जागा पुढे १९७६ च्या कायद्याने घेतली. सध्या २००९ चा वैध मापन कायदा लागू असून तो १ एप्रिल २०११ पासून अंमलात आहे. या कायद्यानुसार दरपत्रक, बिल किंवा पावती प्रमाण परिमाणांतच द्यावी लागते. म्हणून सराफाच्या पावतीवर वजन ग्रॅममध्येच असावयास हवे. वजनकाट्यांची पडताळणी करून त्यांवर मुद्रांकन करण्याचे काम राज्यात वैध मापन शास्त्र यंत्रणा पाहते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी होणे आवश्यक असते. काट्यावरील चालू वर्षाचे मुद्रांकन पाहण्याचा आग्रह ग्राहकाने अवश्य धरावा.

एक शब्द, दोन वजने

कायद्याने परिमाण बदलले तरी तोंडातील शब्द सहजासहजी बदलत नाही. जमिनीच्या बाबतीत आपला हाच अनुभव आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आरमध्ये लिहिलेले असते, परंतु बांधावर उभा असलेला शेतकरी एकर आणि गुंठेच बोलतो. मात्र एकराचा अर्थ कोणी बदललेला नाही. पूर्वी ४० गुंठ्यांचा एकर होता आणि आजही तो तेवढाच आहे. एक गुंठा म्हणजे १.०१ आर, हे प्रमाण कायम आहे.

तोळ्याचे तसे झाले नाही. सोन्याचा भाव १० ग्रॅमला सांगण्याची पद्धत पडली आणि बाजारात त्या १० ग्रॅमनाच तोळा म्हटले जाऊ लागले. आज आपल्या भागात कोणी दोन तोळ्यांचे गंठण केले असे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात २० ग्रॅम असतात. जुन्या यादीतील दोन तोळे मात्र २३.३२८ ग्रॅम आहेत.

दोहोंतील अंतर एका तोळ्यामागे १.६६४ ग्रॅम आहे. जुन्या परिमाणांत सांगावयाचे तर आजचा १० ग्रॅमचा तोळा १२ माशांचा नसून सुमारे १० मासे आणि सव्वादोन गुंजांचा आहे. शेकडेवारी काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुना तोळा नव्या तोळ्यापेक्षा १६.६४ टक्के जड आहे; नवा तोळा जुन्या तोळ्यापेक्षा १४.२६ टक्के हलका आहे. फरक एकच असला तरी भाजक बदलल्याने टक्केवारी बदलते.

रूपांतराचे कोष्टक

पुढील कोष्टक जुन्या तोळ्याचे असून वजने ग्रॅममध्ये, तीन दशांश स्थळांपर्यंत दिली आहेत.

गुंजा: १ = ०.१२१; २ = ०.२४३; ३ = ०.३६४; ४ = ०.४८६; ५ = ०.६०७; ६ = ०.७२९; ७ = ०.८५०

मासे: १ = ०.९७२; २ = १.९४४; ३ = २.९१६; ४ = ३.८८८; ५ = ४.८६०; ६ = ५.८३२; ७ = ६.८०४; ८ = ७.७७६; ९ = ८.७४८; १० = ९.७२०; ११ = १०.६९२

तोळे: १ = ११.६६४; २ = २३.३२८; ३ = ३४.९९१; ४ = ४६.६५५; ५ = ५८.३१९; ८ = ९३.३१०; १० = ११६.६३८

कोष्टक हाताशी नसेल तेव्हा एक सोपी खूण उपयोगी पडते. तीन जुने तोळे म्हणजे जवळजवळ ३५ ग्रॅम. यात चूक अवघ्या ९ मिलिग्रॅमची आहे. म्हणून तोळ्यांना ३५ ने गुणून ३ ने भागावे, म्हणजे ग्रॅम मिळतात. ग्रॅमना ३ ने गुणून ३५ ने भागावे, म्हणजे तोळे मिळतात. अंदाजासाठी ही रीत पुरेशी आहे. देण्याघेण्याचा अंतिम हिशोब मात्र कोष्टकानेच करावा.

उदाहरण पहिले : १९५१ ची याद

पळसदेवसारख्या गावातील एखाद्या घरी सहज घडू शकेल असा प्रसंग उदाहरणादाखल घेऊ. १९५१ मध्ये लग्न होऊन आलेल्या एका सुनेच्या दागिन्यांची याद घरात आहे. पुढे विहीर खोदताना आणि घर बांधताना ते दागिने मोडावे लागले. वृद्धापकाळी तिने आपल्या दोन मुलींना तेवढे सोने मिळावे अशी इच्छा मुलांपाशी व्यक्त केली. मुलांनी ती मान्य केली. याद अशी आहे :

पाटल्या : ४ तोळे
बोरमाळ : २ तोळे ३ मासे
पुतळ्यांची माळ : १ तोळा ८ मासे ४ गुंजा
मंगळसूत्राच्या वाट्या व मणी : ५ मासे ४ गुंजा

प्रथम जुन्या परिमाणांतच बेरीज करावी. गुंजा ४ आणि ४ मिळून ८ झाल्या, म्हणजे १ मासा हातचा आला. मासे ३, ८ आणि ५ मिळून १६. हातचा धरून १७. सतरा माशांचा १ तोळा आणि ५ मासे झाले. तोळे ४, २ आणि १ मिळून ७. हातचा धरून ८. एकूण वजन ८ तोळे ५ मासे.

आता कोष्टकातून ८ तोळ्यांचे ९३.३१० आणि ५ माशांचे ४.८६० घेतले की बेरीज ९८.१७० ग्रॅम येते. प्रत्येक दागिन्याचे स्वतंत्र रूपांतर करून मग बेरीज केल्यास उत्तर ९८.१७१ येते. प्रत्येक वेळी शेवटचा अंक पूर्ण करावा लागल्याने हा एका मिलिग्रॅमचा फरक पडतो. यादी लांबलचक असेल तर असा फरक साचत जातो. म्हणून आधी बेरीज आणि शेवटी एकदाच रूपांतर, हा नियम पाळावा.

हेच दोघे भाऊ हिशोब न करता सराफाकडे गेले आणि त्यांनी ८ तोळे ५ मासे सोने मागितले, तर काय होईल? सराफ आजच्या रीतीप्रमाणे १० ग्रॅमचा तोळा धरील आणि ८४.१६७ ग्रॅम सोने देईल. भावांनी पैसे चोख मोजले, सराफाने वजन चोख केले, तरीही १४.००३ ग्रॅम सोने कमी आले. जुन्या मापाने ही तूट १ तोळा २ मासे ३ गुंजांहून थोडी अधिकच आहे. प्रत्येक मुलीच्या वाट्याला ४९.०८५ ग्रॅम यावयास हवे होते; तेथे ४२.०८३ ग्रॅम आले. प्रत्येकीचे सात ग्रॅम गेले. आईचे बोलणे पाळल्याचे समाधान भावांना आहे आणि काही तरी कमी पडले अशी शंका बहिणींना आहे. अशा वेळी दोष माणसांवर येतो, वस्तुतः तो एका शब्दाचा असतो.

या उदाहरणातील आणखी एक खाच शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावी. ८ तोळे ५ मासे म्हणजे ८.५ तोळे नव्हेत. मासा तोळ्याचा बारावा भाग असल्याने साडेआठ तोळे म्हणजे ८ तोळे ६ मासे. त्याचप्रमाणे १ तोळा ३ मासे म्हणजे १.३ तोळे नव्हेत, सव्वा तोळा, म्हणजेच १.२५ तोळे होत. बाराच्या मोजणीवर दहाची मोजणी नकळत लादली जाते आणि चूक होते.

उदाहरण दुसरे : ग्रॅमवरून तोळ्याकडे

आता उलट दिशेने जाऊ. एका दागिन्याचे वजन आजच्या काट्यावर ६२.५०० ग्रॅम भरले. जुन्या यादीशी ताडून पाहण्यासाठी त्याचे तोळे-मासे-गुंजा करावयाचे आहेत.

६२.५०० मधून ५ तोळ्यांचे ५८.३१९ वजा केले. शिल्लक ४.१८१.
त्यातून ४ माशांचे ३.८८८ वजा केले. शिल्लक ०.२९३.
त्यातून २ गुंजांचे ०.२४३ वजा केले. शिल्लक ०.०५०.

उत्तर ५ तोळे ४ मासे २ गुंजा, वर ५० मिलिग्रॅम. ही शिल्लक अर्ध्या गुंजेपेक्षाही कमी आहे. यादीत याच दागिन्याचे वजन ५ तोळे ५ मासे असेल, तर सुमारे पाऊण माशाचा फरक हा वर्षानुवर्षांच्या झिजेचा असू शकतो. याद ६ तोळे ३ मासे सांगत असेल, तर मात्र दागिना बदलला आहे, त्याचा काही भाग मोडला आहे किंवा मूळ वजनात लाख-मणी धरले होते, याची चौकशी करावी.

कागद कोणत्या तोळ्याचा?

सर्व जुने कागद जुन्या तोळ्याचे असतात असे समजणे हीदेखील चूकच ठरेल. १९९५ मध्ये कोणी घरगुती टिपणात ५ तोळे लिहिले असेल, तर ते बहुधा ५० ग्रॅम आहेत. ते ११.६६४ ने गुणून ५८.३१९ ग्रॅमची मागणी केल्यास ८.३१९ ग्रॅम जास्त मागितल्यासारखे होईल. अन्याय दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी कागद नीट वाचावा. पुढील गोष्टी मार्गदर्शक ठरतात.

१. कागदाचा दिनांक. मेट्रिक वजने येण्यापूर्वीच्या, म्हणजे १९५८ पूर्वीच्या कागदात तोळा जुनाच असणार. त्यानंतरच्या काही वर्षांतील कागदांविषयी इतर पुरावा पाहावा.

२. पोटपरिमाणे. तोळ्याबरोबर मासे आणि गुंजा लिहिल्या असतील, तर तोळा बारा माशांचा असण्याचा संभव अधिक. तोळ्यापुढे दशांश चिन्ह देऊन ५.२५० असे लिहिले असेल, तर तो १० ग्रॅमचा असण्याचा संभव अधिक.

३. सोबतची पावती. याद मोघम असली तरी सराफाची पावती सापडल्यास तीवरील ग्रॅमच निर्णायक मानावेत. दर आणि एकूण रक्कम दिली असेल, तर रकमेला दराने भागून वजन ताडून पाहावे. मात्र मजुरी वेगळी लावली आहे काय, हे आधी तपासावे.

४. प्रत्यक्ष दागिना. यादीतील एखादा जरी दागिना न मोडता शिल्लक असेल, तर तो तोलून पाहावा. त्यावरून संपूर्ण यादीतील तोळा कोणता, याचा बराच उलगडा होतो.

५. लिपी. याद मोडीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्यावी. अंदाजाने आकडे लावू नयेत.

एवढे करूनही मतभेद उरला, तर तो तज्ज्ञ सराफ किंवा वकील यांच्या सल्ल्याने आणि आवश्यक तर न्यायालयात सोडविण्याचा मार्ग मोकळा असतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ मधील कलम १४ अन्वये हिंदू स्त्रीला तिच्या संपत्तीची पूर्ण मालकी मिळाली आहे. स्त्रीधनाचा हिशोब करताना ही गोष्ट दृष्टीआड होऊ देऊ नये.

वजन आणि कस

वजन जुळले म्हणजे मूल्य जुळले असे नाही. बोरमाळ, वज्रटीक यांसारख्या दागिन्यांत लाख असते. काहींत मोती व खडे असतात. त्यामुळे एकूण वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन ही दोन वेगळी वजने होत. वरील यादीतील बोरमाळेचे वजन लाखेसह होते की लाखेविना, हे वारसांनी आपसांत ठरवून घेतले पाहिजे. सोनेतारण कर्जाच्या वेळी बँक कर्ज ठरविते ते निव्वळ वजनावर. उसाचे बिल येईपर्यंतची नड भागविण्यासाठी दागिने तारण ठेवणाऱ्या शेतकऱ्याने पावतीवर ही दोन्ही वजने पाहून घ्यावीत.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. शुद्ध सोने २४ कॅरट मानतात. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग, १८ कॅरट म्हणजे ७५० भाग आणि १४ कॅरट म्हणजे ५८५ भाग सोने. ३५ ग्रॅम निव्वळ वजनाच्या ९१६ शिक्क्याच्या दागिन्यात ३५ × ०.९१६ = ३२.०६ ग्रॅम शुद्ध सोने असते. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने करण्यास बंदी होती. ती १९६६ मध्ये उठली. त्या काळातील दागिना असेल, तर कसाची तपासणी विशेष आवश्यक ठरते. घरातील सर्व सोने बावनकशी असल्याचा समज कौतुकास्पद असला, तरी हिशोबाला तो चालत नाही.

नव्या दागिन्यांसाठी हॉलमार्कचे साधन उपलब्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोची ही योजना २००० मध्ये सुरू झाली, १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत ती बंधनकारक करण्यात आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असणे आवश्यक झाले. दागिन्यावर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा पाहाव्यात. ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर क्रमांक पडताळून पाहता येतो.

औंस आणि दोन कॅरट

वृत्तपत्रांत सोन्याचा जागतिक भाव औंसात येतो. हा ट्रॉय औंस असून त्याचे वजन ३१.१०३५ ग्रॅम आहे. किराणा मालाच्या पुड्यावर पूर्वी आढळणारा २८.३५ ग्रॅमचा औंस तो नव्हे. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा आणि तोळा १८० ग्रेनचा असल्याने ८ तोळे म्हणजे बरोबर ३ औंस होतात. दुबईमार्गे आलेले दहा तोळ्यांचे सोन्याचे बिस्कीट एके काळी सर्वांच्या परिचयाचे होते. त्याचे वजन ११६.६३८ ग्रॅम, म्हणजे पावणेचार औंस. तेथे तोळा अर्थातच जुना. शेजारच्या नेपाळमध्येही ११.६६४ ग्रॅमचाच तोळा चालतो. दक्षिणेतील पवन हे परिमाण ८ ग्रॅमचे आहे.

कॅरट या शब्दानेही गोंधळ होतो. सोन्याचे कॅरट शुद्धता दाखविते. हिऱ्याचे कॅरट वजन दाखविते आणि ते २०० मिलिग्रॅमचे असते. रत्नांच्या बाजारातील रत्तीही सोन्याच्या गुंजेहून निराळी धरली जाते. म्हणून वरील कोष्टक रत्नांना लावू नये.

आयकराच्या संदर्भात सांगितले जाणारे आकडेही याच कोष्टकातून पाहावेत. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिली. लोक त्यास पन्नास तोळे म्हणतात. जुन्या तोळ्याने ते ४२ तोळे १० मासे ३ गुंजा होतात. शिवाय ही सूचना जप्तीपुरती आहे. सोने बाळगण्याची ती कायदेशीर मर्यादा नव्हे.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

हा विषय शाळेच्या वर्गात उत्तम शिकविता येतो. मिश्र परिमाणांची बेरीज, हातचा, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी आणि आसन्न किंमत ही गणितातील सर्व अंगे त्यात एकत्र येतात. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून जुन्या वजनांचे शब्द गोळा करावेत आणि त्यांचे कोष्टक करावे. घरात सोने किती आहे, हे मात्र विचारू नये व वर्गात सांगू नये, अशी स्पष्ट सूचना शिक्षकांनी द्यावी. उदाहरणे काल्पनिक यादींचीच घ्यावीत.

ग्रामपंचायतीने वरील कोष्टक मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयात लावल्यास अनेकांची सोय होईल. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. वाटणीचा वाद समजुतीने मिटविताना सोन्याचा उल्लेख आल्यास पुढील पद्धत ठेवावी.

मूळ कागदातील मजकूर जसाच्या तसा उतरावा. तोळा खोडून ग्रॅम लिहू नये. त्यापुढे रूपांतरित वजन ग्रॅममध्ये, अंकी व अक्षरी, लिहावे. तोळा किती ग्रॅमचा धरला, हे एका वाक्यात नमूद करावे. एकूण वजन, निव्वळ वजन आणि शुद्धता वेगवेगळी दाखवावीत. आजच्या तारखेचा नवा करार करताना तोळा हा शब्द वापरूच नये. केवळ ग्रॅम लिहावे. शेवटी सर्व पक्षांना, विशेषतः माहेरवाशिणींना, हा हिशोब वाचून दाखवावा आणि मगच सह्या घ्याव्यात.

शेवटची सूचना लहान वाटली तरी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ज्यांच्या वाट्याचे सोने मोजले जाते, त्यांना मोजण्याची रीत ठाऊक नसते, आणि विचारणे प्रशस्त वाटत नाही म्हणून त्या गप्प राहतात. १९५१ च्या त्या यादीतील १४ ग्रॅम अशाच मौनात नाहीसे होतात. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी कागदावरील तोळा कोणता, एवढा एक प्रश्न वेळीच विचारला, तर बहिणीचा वाटा पुरा होईल आणि भावाचा शब्दही राहील.